हवाई रुग्णवाहिकेसोबत जाणाऱ्या परिचारिकांचे प्रशिक्षण : सल्ला हवा

अतिदक्षता_नागपूर
आमच्या रुग्णालयातून महिन्याकाठी दोन-तीन अत्यवस्थ रुग्ण भाड्याच्या विमानाने मुंबईला किंवा चेन्नईला हलवले जातात. त्या दिवशी ज्या सिस्टर मोकळ्या असतील त्यांना डॉक्टरांबरोबर पाठवायचे, अशी आजवरची पद्धत होती. गेल्या महिन्यात मात्र व्हेंटिलेटरवरील एका रुग्णाचे पोट विमान वर चढू लागताच फुगत गेले, व्हेंटिलेटर दाब वाढल्याचा इशारा देत राहिला आणि रायल्स ट्यूबचे (नाकातून पोटात घातलेल्या नळीचे) तोंड बंदच राहिले आहे हे ध्यानात यायला दहा मिनिटे गेली. रुग्ण सुखरूप पोहोचला. त्या सिस्टरला मी दोष देत नाही, कारण हे तिला कोणी शिकवलेच नव्हते. आता सहा जणींची कायम तुकडी तयार करायची आहे. व्यवस्थापनाच्या मते एखादे ऑनलाइन प्रमाणपत्र पुरेसे आहे. ते खरोखर पुरेल का, आणि निवड कशी करावी?

भूलतज्ज्ञ_पुणे
प्रमाणपत्राचा विचार नंतर करावा. महाबळेश्वरचा घाट चढताना गाडीतले वेफर्सचे पाकीट फुगते, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. प्रशिक्षणाचा पहिला तास तिथूनच सुरू करावा. उंचावरून उडणाऱ्या विमानाच्या केबिनमधील दाब साधारणपणे ६००० ते ८००० फुटांवरील हवेइतका ठेवलेला असतो, म्हणजे आपले कळसूबाई शिखर (सुमारे ५४०० फूट) त्याच्या खालीच राहते. ८००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-चतुर्थांश उरतो, आणि म्हणून शरीरात अडकलेली हवा जवळजवळ एक-तृतीयांशाने वाढते. आपल्या रुग्णाच्या पोटात हेच घडले. छातीत थोडीशी हवा साठलेली असेल तर उड्डाणापूर्वी नळी घालून घेणे श्रेयस्कर, आणि ती नळी प्रवासात चिमट्याने बंद करायची नाही. श्वासनलिकेतील नळीच्या कफचा (नळीभोवती हवा भरून फुगवलेल्या पिशवीचा) दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका असावा. तो चढताना वाढतो आणि उतरताना कफ सैल पडतो, त्यामुळे दाबमापकाने दोन्ही वेळा पाहावे. बोटाने फुगा चाचपून अंदाज बांधण्याची आपल्याकडची सवय विमानात उपयोगाची नाही.

ऑक्सिजनचे गणित तर प्रत्येकीला तोंडपाठ हवे. समुद्रसपाटीला ४० टक्के ऑक्सिजनवर स्थिर असलेल्या रुग्णाला तेवढाच ऑक्सिजन मिळावा म्हणून ८००० फुटांवर सुमारे ५४ टक्के द्यावा लागतो. ज्याला खालीच ८० टक्के लागतात, त्याच्यासाठी वर जागाच उरत नाही. अशा वेळी केबिनचा दाब वाढवून ठेवता येईल का, हे वैमानिकाला आधीच विचारावे. त्यासाठी बहुधा खालून उडावे लागते, इंधन जास्त जाते, क्वचित वाटेत उतरावेही लागते. ही विचारणा डॉक्टरांनीच करावी असे नाही, सिस्टरनेही निःसंकोच करावी.

निवृत्त_मेट्रन
ताई, निवडीबद्दल लिहिते. मोकळी असेल ती, ही पद्धत आधी बंद करा. अतिदक्षता विभागात किमान तीन वर्षे काढलेली, व्हेंटिलेटर व सिरिंज पंप हाताखालून गेलेले, आणि प्रगत हृदय-पुनरुज्जीवनाचे प्रशिक्षण झालेली परिचारिकाच घ्यावी. विमान ही नर्सिंग शिकण्याची जागा नव्हे. या कामाला वेगळे प्रशिक्षण लागते, हे काही आजचे ज्ञान नाही: अमेरिकेत केंटकीतील बोमन फील्ड येथे लष्करी हवाई परिचारिकांची पहिली तुकडी फेब्रुवारी १९४३ मध्येच प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडली होती.

दूरदेशी_सिस्टर
मी ऑस्ट्रेलियात परिचारिका आहे. येथील रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस १९२८ पासून चालू आहे आणि तिच्या अनेक उड्डाणांत रुग्णासोबत डॉक्टर नसतो, एकटी परिचारिका असते. म्हणूनच तिच्याकडून प्रसूतिशास्त्राचीही पात्रता अपेक्षित असते. अमेरिकेत हवाई परिचारिकांसाठी सी.एफ.आर.एन. ही परीक्षा आहे. तिचा अभ्यासक्रम वाचनासाठी उत्तम, परंतु परीक्षा ज्ञान तपासते. अरुंद केबिनमध्ये गुडघ्यावर बसून सक्शन (श्वासमार्गातील स्राव ओढून काढणे) करता येते की नाही, हे ती तपासत नाही.

तेव्हा विमान कंपनीकडे हँगरमध्ये उभ्या विमानाचे दोन तास मागून घ्यावेत. सत्तर किलोचा पुतळा स्ट्रेचरवर बांधून दारातून आत घेण्याचा सराव करावा, एकदा उजेडात आणि एकदा अंधारात. कानावर हेडसेट चढवला की स्टेथोस्कोप निरुपयोगी ठरतो. छातीची हालचाल आणि कार्बन डायऑक्साइडचा आलेख पाहूनच निर्णय घ्यावे लागतात. ऑक्सिजन मोजताना केवळ उड्डाणाचा वेळ धरू नये. उड्डाण दीड तासाचे असले तरी दोन्हीकडच्या रुग्णवाहिका आणि धावपट्टीवरील थांबणे धरून खाटेपासून खाटेपर्यंत साडेतीन तास सहज जातात. मिनिटाला १० लिटर लागत असतील तर २१०० लिटर, आणि आम्ही त्याच्या दुप्पट नेतो.

अतिदक्षता_नागपूर
सर्वांचे मनापासून आभार. ऑनलाइन प्रमाणपत्राचा प्रस्ताव मी बाजूला ठेवायला सांगितला आहे, आणि हँगरसाठी कंपनीला पत्र आजच गेले. एक शंका राहते. सहापैकी सर्वांत अनुभवी सिस्टरला घाटातल्या बसमध्येही मळमळते. तिला वगळावे का?

निवृत्त_मेट्रन
लगेच वगळू नका. दोन-तीन उड्डाणांत पुष्कळ जणींना सवय होते. तोवर तिला जादा म्हणून पाठवा, रुग्णाची मुख्य जबाबदारी दुसऱ्या सिस्टरकडे ठेवा, उपाशीपोटी जाऊ देऊ नका, आणि मळमळीवरची झोप आणणारी गोळी ड्युटीवर असताना देऊ नका. चौथ्या फेरीतही त्रास होत असेल तर तिला उड्डाणाच्या यादीतून काढून रुग्णाची निघण्यापूर्वीची तयारी तिच्याकडे द्या. रायल्स ट्यूब उघडी आहे की नाही, हे तिथेच पाहिले जायला हवे.