पहिलीच डिझेल पिकअप (बीएस ६): डीपीएफचा दिवा, माल किती भरायचा, पाटे वाढवायचे का?

ओतूरचा_मळा
नमस्कार मंडळी. घरात पहिल्यांदाच डिझेल पिकअप आली आहे. नवी, बीएस ६, ११०० किमी झालेत. रोज मळ्यातून ओतूरच्या बाजारात सहा किलोमीटर, दिवसाला तीन-चार खेपा. हंगामात आठवड्यातून दोनदा माळशेज घाट उतरून वाशी मार्केट. आरसीवर एकूण वजन २९९० किलो आणि रिकाम्या गाडीचं १६९०.
१) डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा दोनदा लागून गेला. घाबरायचं का?
२) टोमॅटोचे ७० क्रेट आरामात बसतात असं सगळे सांगतात. त्यासाठी मागे स्प्रिंगचा एकेक पाटा वाढवू का?
३) डिझेल फिल्टरमधलं पाणी स्वतः काढता येतं का?
४) घाट उतरताना काय सांभाळायचं?

काजळी_ते_राख
पहिल्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देतो, कारण तुमच्या सहा किलोमीटरच्या खेपांमध्येच खरी अडचण आहे.

डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या लाइनमधली काजळी अडवणारी जाळी. ती भरत आली की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) जास्तीचं डिझेल सोडून जाळीचं तापमान साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत नेतो आणि काजळी जाळून टाकतो. यालाच रीजनरेशन म्हणतात. त्यासाठी इंजिन पूर्ण तापलेलं लागतं आणि गाडी वीसेक मिनिटं सलग चालावी लागते. सहा किलोमीटरमध्ये इंजिन जेमतेम तापतं, तेवढ्यात तुम्ही बाजारात किल्ली फिरवून इंजिन बंद करता. काम अर्धवट राहतं, पुढच्या खेपेला पुन्हा सुरू होतं, पुन्हा तुटतं.

यात दुहेरी नुकसान आहे. जाळी भरत जाते हे एक. दुसरं जास्त वाईट: बहुतेक गाड्यांत हे जादा डिझेल सिलिंडरमध्येच सोडलेलं असतं. ते न जळता रिंगांच्या बाजूने खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं आणि टर्बो, बेअरिंग घासायला लागतात. म्हणून दर रविवारी सपाट जागी गाडी उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा. ऑइल कमी झालं तर सगळेच बघतात, तुम्ही वाढलंय का तेही बघा. वरच्या खुणेच्या वर गेलं असेल आणि बोटावर डिझेलचा वास येत असेल, तर किलोमीटर भरायची वाट न बघता ऑइल बदला.

उपाय सोपा आहे. दिवा लागला की नगर–कल्याण रस्त्यावर एक मोकळी फेरी मारा. टॉप गिअर नको, एक गिअर खाली, इंजिन दोन हजार आरपीएमच्या आसपास, वीस-पंचवीस मिनिटं न थांबता. मध्ये उभे राहिलात आणि आयडलिंग नेहमीपेक्षा चढलेलं, रेडिएटरचा पंखा जोरात, गरम वास, असं दिसलं तर रीजनरेशन चालू आहे. तेव्हा किल्ली फिरवू नका. दिवा लुकलुकायला लागला किंवा सोबत इंजिनचा दिवा लागला, तर मात्र सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावूनच करून घ्या.

एक गोष्ट शेतकऱ्यांनी विशेष लक्षात ठेवायची: अशा वेळी गाडी उसाच्या पाचटावर, कडब्यावर किंवा वाळलेल्या गवतावर उभी करू नका. खालचा पाइप इतका तापलेला असतो की आग लागू शकते.

ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच घाला. डीपीएफवाल्या इंजिनाला कमी राखेचं ऑइल लागतं. काजळी जळते, राख जळत नाही, ती जाळीत कायमची बसते. डीपीएफ कापून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ते बेकायदा आहे.

डिझेलच्या झाकणाशेजारी निळं झाकण असेल तर गाडीला डीईएफ (धूर स्वच्छ करणारं युरियाचं द्रावण) लागतं. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया असतो. घरातल्या गोणीतला युरिया पाण्यात विरघळवून कधीही घालू नका. २०१५ पासून शेतीच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप बंधनकारक आहे, त्याने नोझल आणि कॅटॅलिस्ट दोन्ही जातात. चुकून डीईएफ डिझेलच्या टाकीत पडलं तर किल्ली ऑनसुद्धा करू नका, गाडी टो करून टाकी रिकामी करा.

वजनकाटा
७० क्रेट बसतात हे खरं, पण ते हौद्यात बसतात, आरसीत बसत नाहीत. हिशोब मांडू.

२९९० वजा १६९० म्हणजे १३०० किलो. रिकाम्या वजनात ड्रायव्हर धरलेला नसतो. दोन माणसांचे १४० काढा. वर जाळी, ताडपत्री, दोर यांचे साठ काढा. उरले ११००. भरलेला क्रेट म्हणजे २० किलो टोमॅटो आणि दोनेक किलो क्रेट स्वतः. ११०० भागिले २२, म्हणजे ५० क्रेट. सत्तर भरले तर गाडी ४४० किलोने वर जाते.

दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००, शिवाय जादा माल उतरवायचा खर्च तुमचा. वाशीच्या वाटेवर उन्हात उतरवलेल्या टोमॅटोचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. एकूण वजन ३००० किलोच्या आत असल्याने मालवाहतुकीचं परमिट लागत नाही, पण फिटनेसचा दाखला लागतोच: नव्या गाडीला दोन वर्षांचा, पुढे आठव्या वर्षापर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. लायसन्स साधं एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) चालतं. नोव्हेंबर २०२४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने ७५०० किलोपर्यंत तो प्रश्न मिटला आहे.

कमानपाटा
पाटा वाढवू नका भाऊ. पाटा वाढवला म्हणून ॲक्सलचं हौसिंग, हब बेअरिंग, टायर आणि ब्रेक यांची ताकद वाढत नाही. गाडी फक्त कमी दबते, त्यामुळे जादा माल डोळ्यांना दिसत नाही.

ब्रेकचा मुद्दा फार कमी लोक सांगतात. बऱ्याच पिकअपना मागच्या ॲक्सलपाशी एका लिंकने जोडलेला लोडचा व्हॉल्व्ह असतो. गाडी माल भरून खाली बसली की तो मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. पाटा वाढवला की भरलेली गाडीही उंच राहते, व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी मिळतो. माळशेज उतरताना सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो.

त्यापेक्षा आहेत त्या पाट्यांचे यू-बोल्ट पहिल्या सर्व्हिसला टॉर्क रेंचने घट्ट करून घ्या. नवे पाटे बसले की बोल्ट सैल पडतात, मग सेंटर बोल्ट तुटतो आणि ॲक्सल एका बाजूने मागे सरकतो. ओळखायचं असं: मागचं चाक आणि मडगार्ड यांच्यामधलं अंतर दोन्ही बाजूंना बोटांनी मोजा. फरक दिसला तर गाडी तिरकी पळतेय, टायर पण खाणार.

ओतूरचा_मळा
मनापासून आभार. पाट्याचा विचार सोडला, ५० क्रेटच भरणार. फिल्टर आणि घाटाचं कोणी सांगेल का? शिवाय हौद्याला पाइपची जाळी वेल्डिंग करायची आहे.

नोझल_काका
फिल्टरचं पाणी घरी काढता येतं. कॉमन रेलमध्ये (इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीत) हजार बारच्या वर दाब असतो आणि पंप-इंजेक्टरला वंगण डिझेलचंच असतं. पाणी गेलं की गंज आणि घासणी, म्हणून हे काम टाळू नका.

इंजिन बंद आणि थंड. फिल्टरच्या तळाला प्लग असतो, सेन्सरची वायर असेल तर आधी काढा. खाली पारदर्शक बाटली धरा. प्लग हाताने दीड-दोन आटे सैल करा. पाणी जड असल्याने आधी तेच येतं, बाटलीच्या तळाला वेगळा थर स्पष्ट दिसतो. स्वच्छ डिझेल यायला लागलं की हातानेच घट्ट करा, पान्याने आवळलं तर प्लास्टिकचे आटे जातात. मग हातपंप कडक होईपर्यंत दाबा, किल्ली दोन-तीनदा ऑन-ऑफ करा आणि स्टार्ट मारा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा, एरवी सर्व्हिसला. फिल्टरमधल्या पाण्याचा दिवा लागला तर लगेच. हाय प्रेशरचे पाइप मात्र कधी सैल करू नका, ती धार कातडी फोडून आत जाते. टाकी पाव भागाच्या खाली नेऊ नका. आणि नवा फिल्टर बसवताना त्यात कॅनमधलं डिझेल ओतू नका, कचरा थेट पंपात जातो.

घाट: ज्या गिअरने चढला असता त्याच गिअरने उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे चुकतात. गिअरमध्ये पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंजेक्टर डिझेल बंदच करतात, न्यूट्रलला उलट आयडलिंगचं जळत राहतं. इंजिन बंद करून उतरलात तर दोन-तीन दाबांत ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. ब्रेक सतत टेकवून ठेवू नका. दाबा, वेग उतरवा, सोडा. परतीचा चढ चढून ढाब्यावर थांबलात तर एक-दोन मिनिटं आयडलिंगला ठेवून मग बंद करा, टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल जळत नाही. पाच-दहा मिनिटं नको, त्याने वर सांगितलेली काजळी वाढते.

हौदा_जाळी
वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, मग ईसीयूचा सॉकेट. वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प जिथे काम चाललंय त्याच पाइपच्या वीतभर अंतरात लावायची, चासीच्या दुसऱ्या टोकाला लावली तर करंट सेन्सरच्या वायरिंगमधून वाट काढतो. चासीला वेल्डिंग अजिबात नको, हौद्याच्या खांबांनाच करा. टाकी आणि प्लास्टिकच्या पाइपांवर ओलं पोतं टाका. आणि झाल्यावर रिकामी गाडी काट्यावर नेऊन जाळीचं खरं वजन बघा. ताडपत्री, दोर धरून साठपेक्षा जास्त भरलं तर प्रत्येक बावीस किलोमागे एक क्रेट कमी धरा.