हायरॉक्स १:४१:४२ – वेळ नेमका कुठे गेला? स्प्लिट्स बघून सांगा प्लीज

सिंहगड_रविवार

नमस्कार मंडळी, मी पुण्याचा, वय ३९, आयटीत नोकरी, सहा वर्षं पळतोय. दहा किमी बेस्ट ४८:३०, हाफ मॅरेथॉन १:४९. जिम मात्र गेल्याच वर्षी लावली आणि ती पण हायरॉक्ससाठीच (एक किमी पळायचं, मग एक स्टेशन म्हणजे व्यायामाचा एक प्रकार, असं आठ वेळा). मुंबईला नेस्कोत मेन्स ओपन सिंगल्स (नेहमीची वजनं, एकट्याने) केली, माझी पहिलीच. मनात दीड तास धरला होता, लागले १:४१:४२. बायको आणि मुलगी कठड्यापाशी उभं राहून ओरडत होत्या आणि शेवटच्या वॉल बॉलला (बैठक मारून उठताना जड बॉल भिंतीवरच्या टार्गेटला फेकायचा) मला हात वर नेता येईना, ते डोळ्यासमोरून जात नाहीये म्हणून इथे लिहितोय.

किमीचे आकडे क्रमाने देतो: ४:३८, ५:१०, ५:५२, ६:२०, ६:३५, ६:१२, ६:१८, ७:०५, एकूण ४८:१०. स्टेशन्स: स्कीअर्ग (दोऱ्या खाली ओढायचं मशीन, १००० मीटर) ४:३२, स्लेड पुश (वजनाची घसरगाडी ढकलणं) ४:२५, स्लेड पुल (तीच दोराने ओढणं) ६:४०, बर्पी ब्रॉड जंप (जमिनीवर छाती टेकवून उठायचं आणि पुढे उडी) ६:१५, रोइंग (वल्ही मारायचं मशीन, १००० मीटर) ५:०२, फार्मर्स कॅरी (दोन्ही हातात वजन घेऊन चालणं) २:३८, लंजेस (गुडघा टेकवत पुढे चालणं) ६:१०, वॉल बॉल ९:२०, म्हणजे ४५:०२. रॉक्सझोन (ट्रॅक आणि स्टेशनमधला पट्टा) ८:३०.

मला वाटतं माझी ताकदच कमी पडली. स्लेड पुलला तर दोर हातातून सुटत होता, शेवटच्या लेनला चार वेळा थांबलो. आता सहा महिने पळणं कमी करून डेडलिफ्ट, स्क्वॉट वाढवायचं म्हणतोय. बरोबर आहे का? पुढच्या रेसला काय बदलू?

नाशिकची_धावपटू

दादा आधी अभिनंदन, पहिल्याच वेळी सिंगल्स पूर्ण करणं सोपं नाही, मी पहिली डबल्स केली होती आणि त्यात स्टेशन वाटून घेता येतात तरी पळायचं आठही किमी दोघींना, त्यातच माझा जीव गेला होता.

पण पळणं कमी करू नका हो! तुमचाच हिशेब बघा, १०१ मिनिटांतली ४८ मिनिटं तुम्ही पळताय. स्लेड पुल ६:४० चा अगदी ५:३० केलात तरी वाचले १:१०. आणि किमी बघा, ४:३८ वरून ७:०५. दहा किमी तुम्ही ४:५१ च्या पेसने पळता तेव्हा मोकळे असता, फक्त पळायचं असतं, आणि इथे आठ स्टेशन समोर असताना पहिला किमी त्याहून १३ सेकंद जोरात! सगळे आठ किमी ५:३० ने पळाले असता तर ४४ मिनिटं झाली असती, चार मिनिटं तिथेच. मी आता पहिला किमी मुद्दाम असा पळते की सगळे मला मागे टाकून जातात आणि त्यातले कितीतरी लोक मला बर्पीजच्या लेनमध्ये गुडघ्यांवर हात ठेवून उभे दिसतात.

रॉक्सझोनचं पण सांगते. ट्रॅकवरून स्टेशनपर्यंत जायचं आणि परत यायचं तो पट्टा, घड्याळ तिथे थांबत नाही. आठ वेळा आत, सात वेळा बाहेर, पंधरा फेऱ्या. ८:३० म्हणजे दर फेरीला ३४ सेकंद. चाललात ना? पाण्यापाशी थांबलात?

सिंहगड_रविवार

हो ताई, चाललो. तिसऱ्या स्टेशननंतर तर प्रत्येक वेळी चाललो, आणि पाण्याचे कप दोनदोन घेतले. खरं सांगायचं तर ती मला विश्रांतीची जागा वाटली. पहिल्या किमीला पल्स १७१ होता, स्टार्टच्या गर्दीत आणि त्या म्युझिकमध्ये ४:३८ जोरात आहे असं वाटलंच नाही.

वॉट_आणि_श्वास

ताईंनी किमीचं अगदी बरोबर सांगितलंय. मी स्कीअर्गबद्दल लिहितो कारण मला वाटतं पहिल्या किमीच्या जोडीला खरी चूक तिथे झालीये आणि ती स्प्लिटमध्ये चूक म्हणून दिसतच नाही, उलट चांगला टाइम म्हणून दिसते.

या मशीनवर पॉवर ही वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे थोडं जोरात जायला खूप जास्त ताकद लागते. ४:३२ म्हणजे ५०० मीटरला २:१६, तिथे साधारण १३९ वॉट लागतात. तेच ४:५० ने गेलात, म्हणजे २:२५, तर ११५ वॉट. अठरा सेकंद जातात पण जवळजवळ सहावा हिस्सा कमी ताकद लागते, तेही पल्स १७१ वर असताना. आणि लगेच एक किमी पळून समोर १५२ किलोचा स्लेड.

आता रोइंग बघा. ५:०२, म्हणजे जेमतेम १०२ वॉट. तुम्ही दमून हळू मारलंत, ठरवून नव्हे, पण त्याच्या आधीचा किमी ६:३५ होता आणि नंतरचा ६:१२ झाला. अख्ख्या रेसमध्ये स्टेशननंतर किमी सुधारलाय तो फक्त एवढ्या एका ठिकाणी. तुम्हाला विश्रांती मशीनवर मिळाली, रॉक्सझोनमध्ये चालून नाही मिळाली. हे मला तुमच्या आकड्यांतलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

डॅम्परचं (मशीनची हवा कमी-जास्त करायची कळ, १ ते १०) पण बघा, बरेच जण १० वर ठेवतात म्हणजे जास्त मीटर निघतील असं समजून. तो आकडा वॉट वाढवत नाही, फक्त प्रत्येक ओढ जड करतो. माझा ५-६ वर असतो.

डेक्कन_ट्रॅक

मला हे पूर्ण पटत नाही. अठरा सेकंद हातातले सोडून द्यायचे का? प्रत्येक स्टेशनला असं सोडत गेलात तर अडीच मिनिटं गेली. सिंहगडवाले दादांची ताकद कमी आहेच, लंजेसला ६:१० लागलेत, २० किलोची बॅग खांद्यावर घेऊन १०० मीटर. ताकद वाढली की तेच वजन हलकं वाटतं, पल्स कमी चढतो, मग पळणंही आपोआप सुधारतं.

वॉट_आणि_श्वास

प्रत्येक स्टेशनला सोडा असं म्हणतच नाहीये, फक्त स्कीला, कारण ते पहिलं आहे आणि त्याचं बिल पुढचे सात किमी फेडायचं असतं. ताकद वाढवा की, आठवड्यातले दोन दिवस द्या. पण पळणं कमी करून नको. ओपनची वजनं ही जेमतेम एकदाच उचलता येतील इतकी जड नाहीत, फार्मर्सला दोन हातात २४-२४ किलो, ते त्यांनी २:३८ मध्ये नेलंय, म्हणजे पाठ आणि पकड चांगली आहे. पकड चांगली असलेल्या माणसाचा दोर का सुटतोय हा प्रश्न विचारा.

तालमीतला_गडी

दोराचं मी सांगतो. आमच्या गावाकडं विहिरीवर पोहरा शेंदायचो, नुसत्या हातानं ओढला की दहा पोहऱ्यात दंड भरून यायचे. आजी सांगायची अंग मागं टाक, हात नुसते धरायला. स्लेड पुल तसाच आहे. १०३ किलो, चार लेन साडेबारा मीटरच्या. हात सरळ ठेवा, ढुंगण खाली आणि मागं, अंगाचं वजन दोरावर टाका आणि बॉक्समध्ये (ओढणाऱ्यासाठी आखलेल्या चौकोनात) मागं मागं चाला, मागच्या रेषेपाशी आलात की भराभर दोर गोळा करत पुढं या, पुन्हा मागं. बसायचं मात्र नाही आणि बॉक्सच्या बाहेर पाय नको. रस्सीखेच खेळला असाल तर त्यात कुणी कोपरात हात वाकवून ओढत नाही, तसंच. माझ्या अंदाजानं दादा तुम्ही एका जागी उभं राहून हातानं ओढत होता.

वॉल बॉलचं पण बोलायचंय. किती-किती चे सेट मारले? नो रेप (पंचांनी न मोजलेले) किती?

सिंहगड_रविवार

अगदी बरोबर ओळखलंत, एका जागी उभं राहून दंडाने ओढत होतो. वॉल बॉल: पहिले २०, मग १५, १०, आणि मग पाच-पाच, शेवटी तीन-तीन. नो रेप बारा तरी असतील, बहुतेक पूर्ण खाली न बसल्यामुळे, एकदोन टार्गेटला न लागल्यामुळे.

तालमीतला_गडी

मग हिशेब करा. १०० अधिक १२, झाले ११२. एक थ्रो अडीच सेकंदाचा धरला तर २८० सेकंद, म्हणजे ४:४०. तुम्हाला लागले ९:२०. बरोबर निम्मा वेळ बॉल जमिनीवर होता दादा. हात वर जात नव्हते असं तुम्ही म्हणता पण मला वाटतं मांड्या संपल्या होत्या, लंजेस आणि त्या ७:०५ च्या किमीनंतर. बॉल वर जातो तो मांडीच्या जोरावर, हात नुसते वाट दाखवतात. मांडी गेली की सगळं खांद्यावर येतं आणि खोल बसायला नको वाटतं, मग नो रेप, म्हणजे तेच काम परत फुकट.

पहिला सेट २० चा मारूच नका. ताजे असताना सुद्धा दहा मारा, बॉल छातीशी धरून तीन श्वास, पुन्हा दहा. खाली ठेवायचा नाही, सहा किलोच आहे, पण वाकून उचलणं हे अजून एक काम आहे. आणि रोज बैठका मारा, पूर्ण खाली जाऊन, श्वास मोजून. आम्ही वस्तादांच्या समोर बैठका मारायचो तेव्हा आकडा कमी पडला तर चालायचं पण लय तुटलेली चालायची नाही. पन्नासनं सुरू करा, एका लयीत, दोन महिन्यांत दोनशे होतील.

हॅम्बुर्गहून

उशिरा लिहितोय. इथे मी तीन रेस केल्यात. हायरॉक्स निघालं ते हॅम्बुर्गमधूनच, आणि काढणाऱ्या दोघांपैकी मोरित्झ फ्युर्स्टे हा हॉकीवाला, बीजिंग २००८ आणि लंडन २०१२ ची सुवर्णपदकं आहेत, आपल्या हॉकी इंडिया लीगमध्ये रांचीकडून पण खेळलाय. जगात कुठेही जा, क्रम आणि वजनं तीच असतात, त्यामुळे आपली आपल्याशी तुलना करता येते. फक्त स्लेडच्या टाइमवर फार विश्वास ठेवू नका, कार्पेट जरा वेगळं असलं की तोच स्लेड दुप्पट जड वाटतो. माझा पुश एका हॉलमध्ये ३:१० आणि दुसऱ्यात ४:२० आहे, आणि दुसऱ्या वेळी मी जास्त फिट होतो.

ताईंच्या हिशेबाला पुढे नेतो. किमी ५:३० चे झाले तर ४:१० वाचले, रॉक्सझोन सहा मिनिटांवर आणला तर अडीच मिनिटं, वॉल बॉल सातवर आणला तर २:२०. झाली बरोबर नऊ मिनिटं, १:३२:४२. यात एकही किलो जास्त उचललेला नाही. उरलेली पावणेतीन मिनिटं पुल आणि लंजेसमधून काढा.

प्रॅक्टिसला आठवड्यातून एकदा हे करा: एक किमी ५:३० ने, लगेच २५ वॉल बॉल, एक किमी, २० मीटर बर्पी जंप, एक किमी, २५ मीटर लंजेस, एक किमी. मध्ये अजिबात थांबायचं नाही, आणि चारही किमी दहा सेकंदांच्या आत आले पाहिजेत. नाही आले तर पहिला हळू करा, शेवटचा जोरात करायला जाऊ नका.

सिंहगड_रविवार

तीन आठवड्यांनी परत येतोय. डेडलिफ्टचा प्लॅन सोडला, ताकदीला मंगळवार-शुक्रवार, बाकी पळणं तसंच. हॅम्बुर्गवाल्या दादांचा सेट पहिल्यांदा केला तेव्हा किमी ५:१८, ५:४०, ५:५९, ६:१० आले, म्हणजे सवय तीच, पहिला जोरात. काल घड्याळाला ५:३० च्या वर गेलं की वाजेल असा अलार्म लावायच्या ऐवजी ५:२५ च्या खाली गेलं की वाजेल असा लावला. आले ५:३४, ५:३७, ५:४१, ५:४३. पहिला किमी इतका हळू वाटत होता की दोनदा घड्याळ बघितलं. चौथ्यानंतर पल्स १६८.

बैठका ९० वर आल्यात एका लयीत. मुलगी शेजारी बसून मोजते, लय तुटली की पुन्हा एकपासून.

एकच विचारायचंय, स्लेडला बूट कोणते घालता? माझ्या रोडच्या शूजचा सोल पुशला कार्पेटवरून सरकत होता.

नाशिकची_धावपटू

५:३४ ते ५:४३, वा दादा! बुटांचं म्हणाल तर खाली सलग रबर असलेला घ्या, उघडा फोम जमिनीला लागतो तसला नको, आणि फार जाड टाच पण नको, लंजेसला पाय डगमगतो. दुकानात जाल तेव्हा भिंतीला दोन्ही हात लावून स्लेडसारखं ढकलून बघा, मागचा पाय सरकला तर तो जोड परत ठेवा.