बायोप्सी रिपोर्ट: ग्रेड २ म्हणजे दुसरी स्टेज का?

शाहूपुरीकर
आत्याच्या (वय ५८) स्तनातल्या गाठीची कोअर बायोप्सी झाली. रिपोर्टात लिहिलंय: इन्व्हेसिव्ह डक्टल कार्सिनोमा, ग्रेड २, ईआर ७/८, पीआर ५/८, हर-२ २+, केआय-६७ २५ टक्के. सोनोग्राफीत गाठ २.८ सेंमी. घरात सगळे 'दुसरी स्टेज' धरून बसलेत. डॉक्टरांची वेळ सोमवारची आहे. यातलं काय समजून घ्यायचं आणि त्यांना काय विचारायचं?

स्लाइडवाला
आधी ते स्टेजचं डोक्यातून काढा. ग्रेड ही पेशींची तपासणी आहे. पॅथॉलॉजिस्ट मायक्रोस्कोपखाली तीन गोष्टींना १ ते ३ गुण देतात: पेशींनी नळ्यांसारखी रचना कितपत राखली आहे, केंद्रकं किती वेडीवाकडी झालीत, आणि विभाजन होत असलेल्या पेशी किती दिसतात. बेरीज ३ ते ५ आली तर ग्रेड १, ६-७ आली तर २, ८-९ आली तर ३.

स्टेज ठरते गाठीचा आकार, काखेतल्या लसिकाग्रंथी आणि इतर अवयवांत पसरलाय का, यावर. २ सेंमीपेक्षा मोठी आणि ५ पर्यंतची गाठ टी२ धरतात (ही फक्त आकाराची श्रेणी, पूर्ण स्टेज नव्हे), तेव्हा आत्यांची टी२. पण काखेचं काय? त्या सोनोग्राफीत काख बघितली होती का, हे रिपोर्टात शोधा.

'इन्व्हेसिव्ह' वाचून बहुतेक घरं हबकतात. अर्थ एवढाच की कॅन्सर दुग्धनलिकेची भिंत ओलांडून शेजारच्या पेशीजालात शिरलाय. शरीरभर पसरलाय असं त्यातून निघत नाही.

ईआर-पीआर म्हणजे पेशींमधले इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन्स पकडणारे रिसेप्टर. ते रंग देऊन तपासतात; गुणांत रंगलेल्या पेशींच्या प्रमाणाचे ० ते ५ आणि रंगाच्या गडदपणाचे ० ते ३. बेरीज ३ किंवा जास्त म्हणजे पॉझिटिव्ह. इथे पॉझिटिव्ह ही चांगली बातमी आहे, कारण हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या लागू पडतात. पाळी थांबलेल्या बाईला बहुधा लेट्रोझोल किंवा अनास्ट्रोझोल देतात, साधारण किमान ५ वर्षं.

केआय-६७ म्हणजे वाढीच्या चक्रात असलेल्या पेशींचं प्रमाण. तो आकडा लॅबगणिक थोडा बदलतो, एकट्या त्याच्यावरून काही ठरवू नका.

ब्लॉक_सांभाळा
वरच्या उत्तरात सोमवारचा मुख्य प्रश्न राहिला. हर-२ हे पेशींवरचं, वाढीला चालना देणारं प्रथिन. त्यात ० आणि १+ निगेटिव्ह, ३+ पॉझिटिव्ह. २+ म्हणजे निकाल लागलेलाच नाही! पुढे फिश ही चाचणी करतात, त्यात हर-२ जनुकाच्या प्रती मोजतात. पॉझिटिव्ह आलं तर केमोबरोबर ट्रास्टुझुमॅब हे हर-२ रोखणारं औषध लागतं, म्हणजे सगळा बेतच बदलतो. "फिशचा निकाल हातात येण्याआधी औषध ठरवणार का?" असं स्पष्ट विचारा.

फिश त्याच बायोप्सीच्या मेणाच्या ब्लॉकवर (तुकडा मेणात बसवून ठेवलेली वडी) होते, नवी सुई टोचावी लागत नाही, तुकडा पुरेसा असला म्हणजे झालं. लॅबकडून ब्लॉक घेताना ब्लॉकवरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर जुळवून बघा, सोबत रिपोर्टची प्रत ठेवा. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ब्लॉक ठेवू नका, मेण मऊ पडतं. मुंबईला टाटात दाखवायचं ठरलं तर तिथेही स्लाइड आणि ब्लॉक मागतात. महालक्ष्मी एक्सप्रेसनं निघालात तर दोन्ही कापसात गुंडाळून डब्यात, आणि डबा हातातल्या पिशवीत.

तुकडा १० टक्के बफर्ड फॉर्मालिनमध्ये ६ ते ७२ तास राहायला हवा. कमी-जास्त झालं की ईआर आणि हर-२ दोन्हींच्या रंगात गडबड होते. ही वेळ रिपोर्टात असली तर बघून ठेवा.

शाहूपुरीकर
आभारी आहे. काखेबद्दल एक ओळ सापडली: 'एक ग्रंथी जाड, १.१ सेंमी'. आणि फिश निगेटिव्ह आलं तर वाईट का?

स्लाइडवाला
नाही. निगेटिव्ह आलं तर ट्रास्टुझुमॅब लागणार नाही एवढंच, ईआरवरच्या गोळ्यांचा मार्ग तसाच राहतो. त्या ग्रंथीची मात्र सोनोग्राफी बघत सुई तपासणी करायची का, हे विचाराच. जंतुसंसर्गानंही ग्रंथी जाड होते, नुसत्या सोनोग्राफीवर कॅन्सरची समजू नका. आणि केमो आधी देऊन मग ऑपरेशन करायचं ठरलं, तर औषध सुरू व्हायच्या आधी गाठीत धातूची बारीक क्लिप बसवायची का, तेही विचारा. गाठ विरघळून गेली तर सर्जनला जागा त्या क्लिपवरूनच सापडते.