'रिव्होल्युशनाइझ' हे क्रियापद वाचनालयाला शोभेल का?

माशेलची वाचक

आमच्या वाचनालयाच्या स्मरणिकेत एक पान इंग्रजीतून द्यायचं ठरलंय आणि ते माझ्याकडे आलंय. मी लिहिलं: 'द लायब्ररी हॅज रिव्होल्युशनाइझ्ड रीडिंग इन द व्हिलेज.' समितीतले एक काका म्हणतात, हा शब्द 18 जूनच्या गोवा क्रांतिदिनाच्या भाषणात ठीक, वाचनालयाच्या पानावर नको. मला मात्र तो हवासा वाटतो.

पूर्वी आमच्याकडे कपाटांना कुलपं असत. यादीची वही चाळायची, क्रमांक सांगायचा, मग ग्रंथपाल पुस्तक काढून देणार. आता कपाटं उघडी असतात आणि दर शनिवारी पुस्तकांची पिशवी वाड्यावाड्यांवर जाते. ज्या बायका वाचनालयाची पायरी कधी चढल्या नाहीत, त्या आता पिशवीला उशीर झाला तर फोन करतात. एवढ्यासाठी हे क्रियापद चालेल का? आणि त्याच्यापुढे 'इन्टू' लागतं का?

डिचोलीचे निवृत्त शिक्षक

बाय, काकांच्या शंकेला आधार आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, अठराव्या शतकाच्या शेवटी हे क्रियापद इंग्रजीत आलं, तेव्हा त्याचा रोख राज्य उलथवण्याकडेच होता. आज तो अर्थ मागे पडलाय. आता अर्थ असा, की एखादं काम करायची रीतच मुळापासून बदलून टाकणं.

'इन्टू' लागत नाही, ते 'ट्रान्सफॉर्म'चं. पडीक जमिनीची बाग केली तर 'ट्रान्सफॉर्म्ड इन्टू'. या क्रियापदाला फक्त कर्म हवं, आणि ते शेती, प्रवास, शस्त्रक्रिया असं एखादं क्षेत्र असावं. 'द व्हिलेज रिव्होल्युशनाइझ्ड' असं वाक्य अर्धवट राहतं. 'स्लाइटली' तर जोडूच नये.

मी वर्गात एकच कसोटी सांगत असे: जुनी रीत कोणती होती आणि ती कशी मोडली, हे एका दमात सांगता आलं तरच हे क्रियापद वापरा. गुटेनबर्गच्या छपाईनंतर युरोपात पुस्तकं हाताने उतरवण्याचा धंदा बसत गेला. तिथे ते चपखल बसतं. छापखाना गोव्यात 1556 मध्ये आला, भारतातला पहिला. म्हणून पुष्कळजण लिहून मोकळे होतात की त्याने गोव्यातलं वाचन रिव्होल्युशनाइझ केलं. मला हे अजिबात पटत नाही. तो आला मिशनऱ्यांच्या कामासाठी. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण मराठीत असूनही 1616 मध्ये राशोलला छापलं गेलं ते रोमन लिपीत. आमच्या घरांतल्या पोथ्या त्यानंतरही पिढ्यान्‌पिढ्या बोरूनेच उतरवल्या गेल्या. यंत्र आलं, पण सामान्य माणसाच्या वाचनाची रीत होती तिथेच राहिली.

याउलट शाळा बघ. पोर्तुगीज अमलात सरकारी शिक्षण पोर्तुगीजमधून. मराठी शाळा लोकांनी पदरमोड करून चालवलेल्या, कुठे कुणाच्या ओसरीवर, कुठे देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या उतरायच्या जागेत. गोवामुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या, आणि ज्या घरांत पाटी कधी आली नव्हती त्या कुळा-मजुरांच्या घरांतली पोरं शाळेत बसली. तिथे हे क्रियापद मी छातीठोकपणे वापरीन.

आता तुझं वाक्य. उघडी कपाटं ही चांगली सोय झाली, तेवढंच. पिशवीचं तसं नाही, तिने गावात वाचतं कोण हेच बदललं. 'रीडिंग' म्हटलंस की ती बाई दिसत नाही. 'द सॅटर्डे बॅग हॅज चेंज्ड हू रीड्स इन अवर व्हिलेज' असं लिही.

कुडचडेकर

सर, हे क्रियापद नेहमी चांगल्याच बदलासाठी का? आमच्या भागात खाणींवर यंत्रं आली, त्याबद्दल एका पुस्तिकेत 'रिव्होल्युशनाइझ्ड मायनिंग' वाचलं. यंत्रांनी खनिज काढायची रीत बदलली, कबूल. पण पावसात डंपची, म्हणजे खाणीतल्या टाकाऊ मातीच्या ढिगांची, माती वाहून आमच्या शेतात आली, वायंगण म्हणजे हिवाळी भात पिकायचं बंद झालं. ते या शब्दात कुठे बसतं?

डिचोलीचे निवृत्त शिक्षक

बसत नाही, आणि तुम्ही बोट बरोबर ठेवलंत. शब्दाचा मूळ अर्थ बदल किती खोल एवढंच सांगतो. पण वापरून वापरून त्याला कौतुकाचा रंग चढलाय, जाहिरातवाल्यांनी तर फारच. म्हणून नुकसान सांगायचं असेल तिथे मी तो टाळतो. शेताबद्दल 'द सिल्ट रुइन्ड अवर फील्ड्स' असं सरळ लिहावं. पुस्तिकेतल्या वाक्याशेजारी हेही वाक्य छापून आलं पाहिजे.

वास्कोची मुद्रितशोधक

लेखनाबद्दल एक. या क्रियापदाच्या इंग्रजी स्पेलिंगात शेवटी '-ise' असं 'एस'ने लिहा किंवा '-ize' असं 'झेड'ने, दोन्ही बरोबर. 'झेड' म्हणजे अमेरिकन असं समजून खोडू नका, ऑक्सफर्डचा कोशही 'झेड'च धरतो. फक्त पानभर एकच ठेवा.

माशेलची वाचक

देव बरें करूं, सर. पिशवीचं वाक्य घेतलं. काकांनाही वाचून दाखवलं, त्यांनी लगेच पिशवी नेणाऱ्या दोघींची नावं खाली घालायला सांगितली. शाळेबद्दलचा परिच्छेद मात्र मला मराठी विभागात हवाय. आमचं वाचनालयही अग्रशाळेतच सुरू झालं होतं. रविवारपर्यंत लिहून द्याल?