फेलोशिप की अकरा महिन्यांची सहल?

जुना रावपुरावाला:
परवा इथेच कुणीतरी लिहिलं, 'बडोद्याच्या मराठी मुलांनो, युवा फेलोशिपला अर्ज करा, उद्याचं नेतृत्व असंच घडतं.' दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. अकरा महिने विद्यावेतन, शेवटी ग्रुप फोटो आणि सर्टिफिकेट. बाराव्या महिन्यात पोरगं पुण्याला नाहीतर कॅनडाला. घडलं काय, डोंबल?

ऑगस्ट २०२४चं सांगतो. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट, पाणी पस्तिशीच्या पार. अकोट्याला आमच्या साडूंच्या घरात कमरेएवढं. ओसरल्यावर मी आणि भाचा फावड्याने चिखल ओढतोय, तर दारात दोन फेलो. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. 'काका, एक ते पाचमध्ये तुमची पूर्वतयारी किती होती?' मी फावडं पुढे केलं. म्हणाले, 'ते आमच्या कामात बसत नाही.' आणि त्याच गल्लीत गणपती मंडळाची पोरं मंडपाचे बांबू टाकून ट्रॅक्टरमधून दूध वाटत होती. त्यांना कोण फेलो म्हणतं?

मुजमहुड्याची:
काका, मी नंतरच्या तुकडीतली. ते दोघे चुकले, फावडं धरायलाच हवं होतं. पण फावड्याने एक घर साफ होतं. पाणी तिथे शिरलंच का, हे विचारायला कुणीतरी नको का? आमच्या भागातली कांस, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणारा नाला, मी चार महिने पायी पाहिली. कुठे भिंत घातलीय, कुठे मलबा टाकलाय, सगळं नकाशावर मांडलं. एका कचेरीत त्याची फाइल तीन टेबलांवर फिरत होती आणि प्रत्येक टेबल म्हणे 'अमारामां नथी आवतुं', आमच्यात येत नाही. शेवटी माहिती अधिकारात अर्ज टाकला. ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं ना. गाळ निघाला. अर्धाच निघाला, पण निघाला.

आणि शहरात १९ वॉर्ड, ७६ कॉर्पोरेटर. प्रत्येक वॉर्डाचे चार. तुमचे चारही कोण, सांगा बघू. न बघता.

जुना रावपुरावाला:
दोन आठवतात. पण मुद्दा तो नाही.

मांडवीची काकू:
मुद्दा माझ्याकडे आहे. 'मराठी मुलांनो' म्हणून हाक मारलीत आणि फॉर्म उघडला तर सगळा इंग्रजीत! माझ्या नातवाला मराठीत आपलं नाव लिहिता येत नाही, त्याचं कुणाला काही आहे का? आणि विद्यावेतन काय, स्टायपेंड म्हणा की.

पाणीगेटचा रिक्षावाल्याचा मुलगा:
काकू, त्या स्टायपेंडवर आमच्या घरचं लाईट बिल भरलंय मी. ज्यांना ही सेवा फुकट हवी असते त्यांच्या घरी दुसरं कुणीतरी कमावत असतं. मंडळाची पोरं चार दिवस दूध वाटतात, मीही वाटलंय. वर्षभर फुकट कोण करेल? रावपुरावाले काका करतील?

जुना रावपुरावाला:
पैसे द्या, माझी ना नाही. पण बांधून घ्या! सयाजीराव महाराजांनी १९१३ साली आंबेडकरांना अमेरिकेला पाठवलं. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. आणि करार काय? परत येऊन दहा वर्षं संस्थानात नोकरी. याला म्हणतात फेलोशिप. आज घेणारा मोकळा, देणाराही मोकळा.

कमाटीबाग सकाळी सहा:
वाटच बघत होतो महाराज कधी येतात याची. करार सांगितलात, पुढचं का गिळलंत? आंबेडकर आले होते करार पाळायला, १९१७मध्ये. अकाउंटंट जनरलच्या कचेरीत प्रोबेशनर. अख्ख्या बडोद्यात राहायला खोली नाही. पारशी विश्रामगृहात नाव बदलून राहिले, तर काठ्या घेऊन लोक आले. अकरा दिवसांत संपलं. रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंत याच कमाटीबागेत बसून होते. त्या जागेला आता संकल्पभूमी म्हणतात, मी रोज तिच्यावरून फिरायला जातो. दहा वर्षांचा बाँड मोडला कोणी, काका?

जुना रावपुरावाला:
महाराजांवर घसरायचं कारण नाही. १९०६ साली राज्यभर सक्तीचं शिक्षण केलं त्या माणसाने. तेव्हा इंग्रजांच्या ताब्यातल्या हिंदुस्थानातही ते नव्हतं.

कमाटीबाग सकाळी सहा:
महाराजांचं नाव मी घेतलं का? मी शहराचं विचारतोय. तुमचे-माझे पणजोबा इथेच राहत होते. रावपुऱ्यात खोल्या नव्हत्या?

जुना रावपुरावाला:
शंभर वर्षांपूर्वीचा हिशेब माझ्याकडे मागू नका. विषय काय, चाललाय कुठे. असंच करायचं असेल तर मी धागा सोडतो.

मांडवीची काकू:
तुम्हीच नेलात तिकडे.

मुजमहुड्याची:
शंभर वर्षं कशाला? आमच्या तुकडीत दाहोदचा एक मुलगा होता, आदिवासी. खोली मिळायला त्याला सात आठवडे लागले. फोनवर सगळे 'आवी जाओ' म्हणायचे. समोर गेला की आडनाव विचारायचे, मग 'काले ज अपाई गई', कालच दिली. तोवर तो माझ्या मामाच्या गोडाऊनमध्ये झोपला. कांसचा अर्धा नकाशा त्याने काढलाय. बारा महिने झाले, तो अजून इथेच आहे, कॅनडाला नाही गेला. तुमच्या माहितीसाठी.

जुना रावपुरावाला:
सात आठवडे?

मुजमहुड्याची:
सात. आत्ताही पेइंग गेस्ट आहे आणि मे महिन्यात तिथून निघायचंय.

जुना रावपुरावाला:
आमची वरची खोली रिकामी आहे. भाडं समोरासमोर बोलू, लाईट बिल वेगळं. बाँड नसलेली फेलोशिप बेकार, हे माझं मत तसंच आहे. आणि कांसच्या फाइलचा आवक नंबर इथे टाक, उरलेला गाळ कोणाच्या टेबलावर आहे ते मीही बघतो. मला वेळच वेळ आहे.

पाणीगेटचा रिक्षावाल्याचा मुलगा:
म्हणजे काका फुकट करणार.

मांडवीची काकू:
आधी विचारून घ्या, वर अंडं शिजवलेलं चालेल का.