मुलगा 20 महिन्यांचा, शब्द मोजकेच. काय खेळू?

वेंगुर्ल्याची सून
आई, बाबा, भू, मम्म आणि होडीला ‘ओयी’. संपला शब्दकोश! समजतं मात्र सगळं. ‘चपला आण’ म्हटलं की दोन आणतो, वेगवेगळ्या जोडांतल्या. सासूबाई त्याच्याशी मालवणीत बोलतात, मी पुण्याकडची. शेजारीण म्हणते, दोन भाषांनी पोर गोंधळतं, एकच धरा. जेवताना मोबाइलवर गाणी लावते, त्याने शब्द वाढतील का? कामं सांभाळून जमतील असे खेळ सुचवा.

दर्यावर्दी
मुलगे उशिराच बोलतात. आमचा तीन वर्षांचा होऊन बोलला, आता गप्प बसत नाही. टेन्शन नको.

अंगणवाडीताई, मालवण
दर्यावर्दीभाऊ, तीन वर्षं वाट बघणं मला पटत नाही. दोन वर्षांचा होईपर्यंत ‘बाबा आले’सारखे दोन शब्द जोडले नाहीत, हाकेला वळला नाही किंवा येणारे शब्द गेले, तर दाखवायचंच. आधी कान तपासायचे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, तपासणी फुकट असते.

सूनबाई, मालवणी अजिबात बंद करू नका. दोन भाषांनी मूल मागे पडत नाही. शब्द मोजताना दोन्हींतले धरायचे. आजीला ‘पाणी व्हया?’ असंच विचारू दे. तिला प्रमाण मराठी बोलायला लावलंत तर ती निम्मं बोलायचीच बंद होईल.

मासे साफ करायला बसाल तेव्हा त्याला समोर बसवा, आडाळ्यापासून (विळीपासून) लांब. ‘हे काय? ते काय?’ विचारत सुटू नका, पोराची परीक्षा होते. तो बघतोय त्याचंच बोला. बांगड्याच्या शेपटीला बोट लावलं की ‘शेपटी. ओली शेपटी.’ मग गप्प. मनात पाचपर्यंत मोजा. नेमकी इथेच सगळ्यांना घाई होते. तो नुसतं ‘शे’ म्हणाला तरी ‘हो, शेपटी! बांगड्याची शेपटी!’ एवढंच जोडायचं. ‘शे नाही, नीट म्हण’ असं टोकायचं नाही.

कोकमाची सोलं वाळत घालताना एकेक त्याच्या हातात द्या: घे, दे, अजून, संपलं. आणि ‘ओयी’ म्हणतोय ना, मग संध्याकाळी बंदरावर न्या. होडी आली, होडी गेली, मोठी होडी. तो बोट दाखवेल तिकडे तुम्ही बोलायचं.

मोबाइलवरचं गाणं त्याच्या उत्तरासाठी थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय की दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच, पुढे पाच वर्षांचा होईपर्यंतही दिवसाला तासाभराच्या आत.

वेंगुर्ल्याची सून
कान तपासून घेते, ताई. पण मोबाइल काढला तर हा जेवणार कसा?

अंगणवाडीताई, मालवण
सुरुवातीला रडेल थोडा. भात त्याच्या पुढ्यात ठेवा, चिवडू दे, सांडू दे. आणि तुमचाही मोबाइल त्या वेळी आतल्या खोलीत.