उत्तर: काळ्या शेळीचा फोटो
एकाने तक्रार केलीय की उस्मानाबादी शेळीचा फोटो म्हणजे नुसता काळा गोळा, डोळे कुठे नि तोंड कुठे कळत नाही. अहो मागे पांढरं आभाळ असलं की मोबाईल उजेड कमी करतो, मग तसंच होणार. सकाळच्या तिरप्या उन्हात काढा, डोळ्यावर बोट टेकवून फोकस घ्या आणि तिथेच दिसणारी उजेडाची पट्टी जराशी वर सरकवा. उलट शेळीनेच सगळी फ्रेम भरली तर काळा रंग राखाडी येतो, तेव्हा पट्टी खाली. आणि उभं राहून वरून काढू नका राव, पाय आखूड दिसतात, उकिडवं बसा. विकायला टाकायचा असेल तर पूर्ण आडवी बाजू, शिवाय दातांचा वेगळा, त्यावरून वय कळतं नि गिऱ्हाईक तेच आधी विचारतं. शेळीने इकडे बघावं म्हणून सुबाभळीचा पाला कॅमेऱ्यामागे कुणाच्या तरी हातात ठेवा, पण खाऊ घालू नका, चावणं सुरू झालं की तोंड हलतच राहतं.